वर टाकलेले तीन

"पुन्हा उरले," जयराम पुटपुटला आणि चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवरचा चौथा भागाकार त्याने खोडला.

सातिवलीच्या एका वायसरच्या, म्हणजे नट-बोल्टाखालच्या चकत्यांच्या, कारखान्यात एकतीस वर्षं माल मोजून बांधणारा हा चांदीपचा माणूस. पाढे असे तोंडपाठ की मालक हरेशशेठनी कॅल्क्युलेटर हातात घेईपर्यंत याचं उत्तर तयार. आज मात्र घोडं पार अडलं होतं. मोजणीच्या मशीनची चिठ्ठी म्हणत होती एक लाख तीन, आणि शेठनी बजावलं होतं, "सगळ्या पाकिटांत सारखेच नग पाहिजेत. एकही सुटा नको."

विसाने तीन उरले. बाराने सात. चोविसाने एकोणीस. साताने एकच उरला, तेव्हा तर रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

त्याला भीती शेठची नव्हती, बापाची होती. बाप खळ्यावर भात मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचा आणि शेवटी भुईच्या नावाने वर तीन ओंजळी टाकायचा. म्हातारपणी त्याची मोजणी लाभाच्या पुढे सरकेनाच. लाभ, लाभ, लाभ, रास संपेपर्यंत. आता आपली पाळी, असं जयरामला वाटलं. दुपारचा डबाही त्याने उघडला नाही.

शेवटी तो संगणकावर बसणाऱ्या उन्नतीकडे गेला. "बघ ना पोरी, माजं डोकं फिरलंय का? कशानंच भाग जात नाय."

तिने बटणं दाबली आणि हसली. "काका, टेन्शन नका घेऊ. मूळ संख्या आहे ही."

"कोनाच्या मुळावर आलीय?"

"कोणाच्या नाही हो. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच तिला भाग जात नाही. कोणीही केलं तरी काहीतरी उरणारच. तुमचं काही चुकलं नाही."

जयराम मटकन स्टुलावर बसला. असली हट्टी संख्या देवाने कशाला केली, ते काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही. पण टाळकं शाबूत होतं! त्याला एकदम भूक लागली.

"पण काका," उन्नती पडद्याकडे बघत म्हणाली, "ऑर्डर तर एक लाखाचीच आहे. वरचे तीन सकाळी तुम्हीच टाकलेत ना मशीनच्या तोंडात? मी पाहिलं की."

"मी?"

"हो. काहीतरी म्हणतही होतात. लाभ, दोन, तीन."

जयरामने सकाळ आठवून पाहिली. चहा आठवला, मशीनचा खडखडाट आठवला. ते तीन वायसर काही केल्या आठवेनात.

"हां, टाकले खरे," तो म्हणाला. उन्नती आपल्या कामाला लागली.

ढिगापाशी येऊन त्याने एक वायसर उचलून तळहातावर ठेवला. "लाभ," तो स्वतःला ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हणाला आणि थांबला. बापाची मोजणी इथेच अडायची.

"दोन," तो म्हणाला. "तीन."

तिन्ही वायसर त्याने खिशात टाकले आणि विसाचं पहिलं पाकीट भरायला घेतलं.