तिसऱ्या वेळी जायचं

साहेब, तुमचा अहवाल खोटा आहे आणि तो खोटा आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘यंत्रातील तांत्रिक त्रुटी’ असे तीन शब्द लिहून तुम्ही हात झटकलेत. त्रुटी कसली? यंत्राला जे शिकवलं तेच त्यानं केलं. शिकवणारा माणूस तक्रार विभागात खिडकीजवळच्या दुसऱ्या टेबलावर बसतो. त्याचीही कातडी इथे वाचवायची नाही. पण काय घडलं ते एकदा धडपणे सांगायलाच हवं, कारण तुमच्या अहवालात तेवढं सोडून बाकी सगळं आहे.

हा माणूस नगरपालिकेचा कारकून. वीस वर्षं तक्रारींवर शेरे मारून मारून त्याचं नावच शेरेकाका पडलं होतं. नियम असा, की आलेली तक्रार सात दिवसांत निकाली निघाली पाहिजे. नाही निघाली तर साहेबांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर विभागापुढे लाल खूण. पाहणीला माणसं दोन आणि शहर अख्खं. मग करायचं काय?

ते त्याला आधीच्या कारकुनानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. “सहाव्या दिवशी लिहून टाकायचं, ‘पाहणी केली, तथ्य आढळले नाही.’ ज्याचं खरंच दुखतंय तो पुन्हा ओरडतो. पुन्हा तेच लिहायचं. पण तिसऱ्यांदा ओरडला की निमूट उठायचं, चपला घालायच्या आणि जायचं. तिसऱ्या वेळी जायचं म्हणजे जायचं. तिथे चालढकल केलीस तर तू माणूस नाहीस.”

आणि शेरेकाका जायचा. उन्हातान्हात जायचा. खड्डा, फुटका नळ, लोंबणारी तार स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, तिथूनच गवंड्याला नाहीतर तारवाल्याला फोन लावायचा, काम करून घ्यायचा. फक्त कागदावर ते कधी यायचं नाही. आधीच दोनदा ‘पाहणी केली’ म्हणून लिहिलेलं, आता तिसरी खरी पाहणी दाखवायची कशी? म्हणून तिसऱ्यांदाही तेच वाक्य पडायचं, ‘तथ्य आढळले नाही’. खोटं कागदावर आणि खरं रस्त्यावर, असा संसार त्यानं वीस वर्षं बिनबोभाट चालवला. मनातून त्याला त्याचा अभिमानही होता. आपण निदान तिसऱ्या वेळी जातो. बाकीचे तर तेही करत नाहीत.

मग ते यंत्र आलं. तक्रार वाचणारं, जुन्या नोंदी बघून आपणच निर्णय देणारं. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणे. शिपायानं दुसऱ्याच दिवशी त्याचं बारसं केलं. “थंड खोली याला, नवं टेबल याला, आणि चुकला तरी बोलायची सोय नाही. अहो, हा जावईच!” तेव्हापासून सगळं ऑफिस त्याला जावई म्हणू लागलं.

जावयाला शिकवायला एक मुलगी आली होती. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, बोलायला मोकळी. तिनं वीस वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि भर बैठकीत म्हणाली, “सगळ्या विभागांत काकांच्याच नोंदी स्वच्छ आहेत हं. एकच वाक्य, काना-मात्रेचा फरक नाही.”

“म्हणजे जावयाचे गुरू आमचे शेरेकाका!” साहेब हसले. टाळ्या पडल्या. शेरेकाका लाजला. चहा आला.

चहा पिता पिता मुलीनं विचारलं, “काका, एक सांगा. कागदावर नसलेले काही नियम असतात का तुमच्यात? तुम्हाला ठाऊक असतं, पण लिहिलेलं नसतं, असं काही? यंत्राला फक्त लिहिलेलं कळतं, म्हणून विचारते.”

शेरेकाकाच्या तोंडावर आलं होतं. तिसऱ्या वेळी जायचं. तीन शब्द. पण समोर साहेब बशीत चहा ओतत बसलेले. तीन शब्द बोलायचे तर आधीची हजारो वाक्यं खोटी होती हे कबूल करायला हवं, तेही टाळ्यांचा आवाज कानात असताना.

“छे,” तो म्हणाला. “आपलं सगळं कागदावर आहे.”

मुलीनं मान डोलावली आणि पेन्सिल परत अंबाड्यात खोचली.

त्यानंतर पाच महिने फळ्यावर एकही लाल खूण नव्हती. शेरेकाका साडेपाचला घरी जाऊ लागला.

आणि मग एक दिवस त्याची बायको बाहेरून आली ती पिशवी न ठेवताच खुर्चीत बसली.

“शिंपीणबाईंचा पाय गेला,” ती म्हणाली. “दुकानासमोरच्या गटाराच्या चेंबरचं झाकण उलटलं. मांडीपर्यंत आत. गुडघ्याचे दोन तुकडे. काठी घेऊन चालतील म्हणे, पण पायमशीन नाही चालवता येणार.”

या शिंपीणबाई त्याच्या घरचे कपडे शिवायच्या. एकटी बाई, एक खोली, एक पायमशीन.

“तक्रार नव्हती केली?” त्यानं विचारलं.

“नऊ वेळा! आणि ऐक, त्या काय म्हणाल्या. ‘तुमच्या यजमानांच्या ऑफिसचा दोष नाही हो. दर वेळी उत्तर यायचं, पाहणी केली म्हणून. मीच काजं-बटणं करून घ्यायला बाहेर गेलेली असेन. येणारा बिचारा माझी वाट बघून गेला असेल.’ मला तर रडूच आलं. कोण येऊन गेलं होतं रे? तुला ठाऊक असेल ना?”

शेरेकाका उठला आणि उगीचच पाणी प्यायला गेला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात; त्याच्या मनात तर भर दुपार होती.

दुसऱ्या दिवशी तो त्या मुलीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. तिनं आधीच नोंद काढून ठेवली होती. तिचा चेहरा उतरला होता.

“काका, मी रात्रंदिवस चूक शोधतेय. सापडत नाही. हे बघा. पहिली तक्रार आली. यंत्रानं जुन्या नोंदी पाहिल्या. चेंबरच्या बहुतेक सगळ्या तक्रारींत तथ्य नाही. बंद केली. दुसरी आली. आधीच बंद झालेली तक्रार, म्हणजे आणखी खोटी. तिसरी आली, अजून खोटी. बाई जितक्या वेळा लिहीत गेल्या तितका याचा विश्वास पक्का होत गेला. नवव्या वेळी चार सेकंदांत ‘पाहणी केली’ लिहून मोकळा.” तिनं मान वर केली. “काका, तुम्ही खरंच जायचात ना?”

जायचो, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं. तेच तर वाईट होतं.

“तिसऱ्या वेळी,” तो म्हणाला.

मुलीनं समोरची नोंद बंद केली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं. टेबलावर त्याचा जबाब टाइप करून तयार होता. यंत्रात तांत्रिक त्रुटी, विभागाची कार्यपद्धती निर्दोष. “सही करा शेरेकाका. यंत्राला ना पेन्शन ना नोकरी. त्याच्यावर ढकललं की कुणाचंच वाकडं होत नाही. तुमची दीड वर्षं राहिलीत.”

“उद्या करतो,” म्हणून त्यानं कागद खिशात घातला, चपला घातल्या आणि ऑफिसातून सरळ त्या गल्लीत गेला. दहाव्या वेळी.

दुकानाचं दार बंद. दारासमोर तेच झाकण, कुणीतरी परत जागेवर ढकललेलं, वर एक तुटकी खुर्ची खुणेला ठेवलेली. त्यानं खुर्ची बाजूला केली, कडेला एक पाय दिला. टक. उचलला. टक. बाईचा पाय मोडूनही ते कुणी बसवलं नव्हतं. बसवणार कसं? तक्रार तर निकाली निघालेली.

तिथेच उभं राहून त्यानं मोबाइल काढला आणि लिहिलं, “झाकण डुगडुगते आहे. मी आत्ता त्यावर पाय ठेवून उभा आहे.” पाठवलं. मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार.

‘पाहणी केली, तथ्य आढळले नाही.’

त्याचंच वाक्य. काना-मात्रेचा फरक नाही. ज्याला पाय नाहीत तो रोज शंभर ठिकाणी जाऊन येत होता, शेरेकाकाच्या नावानं.

त्यानं आपल्या ओळखीच्या गवंड्याला फोन केला. गवंडी आला, सिमेंट लावून झाकण बसवेपर्यंत तो हलला नाही. एक तास वीस मिनिटं लागली. पाच महिने आणि एक गुडघा, तो मनात म्हणाला, एक तास वीस मिनिटांसाठी.

तिथून तो रुग्णालयात गेला. शिंपीणबाईंनी त्याला बघून पदर सावरला, पडल्या पडल्या हसल्या. “भाऊ, तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

“ताई, कुणी आलं नव्हतं,” तो म्हणाला. बसायच्या आधीच म्हणाला, नाहीतर राहूनच गेलं असतं. “एकदाही नाही. तुम्ही दुकानात असतात तरी कुणी दिसलं नसतं. ते वाक्य माझं आहे. मी ते यंत्राला दिलं आणि त्यासोबत जे द्यायचं ते दिलं नाही. मला विचारलं होतं. मी नाही म्हणालो.”

त्यांना सगळं कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी चादरीचा काठ चिमटीत धरून बघितला, शिवण उसवलेली होती ती. मग म्हणाल्या, “मग मी नऊ वेळा लिहिलं ते कुणाला?”



त्यानं सकाळी जबाब दिला, साहेब, तुमच्याच हातात. तुमच्या मजकुरावर काट मारून, मागच्या कोऱ्या बाजूला, हातानं लिहून. तिसऱ्या वेळचा नियम लिहिला, चहाच्या वेळी बोललेलं ‘छे’ लिहिलं, मला काढा असंही लिहिलं. आणि शेवटी हे लिहिलं, की दोन माणसांत अख्खं शहर सात दिवसांत बघा असा फळा टांगणारे तुम्ही, रोज लाल खूण नाही एवढंच बघून खूश होणारे तुम्ही, वीस वर्षांत एकदाही ‘नेमकं कोण जातं रे?’ असं न विचारणारेही तुम्हीच.

तो कागद तुमच्या अहवालाला जोडलेला नाही. शेरेकाका गुन्हेगार आहे, तो स्वतः म्हणतोय. मग तुम्ही कोण?

तो जबाब देऊन आज सातवा दिवस आहे. त्या बाईनं नऊ वेळा लिहिलं ते कुणाला? उत्तर शेरेकाकाला नको. स्त्रियांचा विभाग, खाट क्रमांक अकरा, तिथे द्या. आणि ‘पाहणी केली’ असं लिहून पाठवू नका. चालत या.