बहिणीचं घर

फीबी बाळंतपणात गेली, तेव्हा तिची धाकटी बहीण डॉर्कस थोड्या दिवसांसाठी म्हणून समुद्रकाठच्या व्हिटबी गावी आली. घरात चार वर्षांची केझाया कुणाशी बोलेना, तान्हा राल्फ रडायचा थांबेना, आणि त्यांचा बाप जाबेझ हारलंड दिवसभर आपल्या कारखान्यात दगड घासत बसलेला. राणी विधवा झाल्यापासून दुखवट्यातल्या बायकांना व्हिटबीच्या जेट या काळ्या दगडाचेच दागिने लागत. जाबेझला मान वर करायला फुरसत नव्हती, आणि त्याला ती नकोच होती.

डॉर्कसने बाह्या मागे सारल्या. राल्फला पाजायला कोळ्यांच्या आळीतली एक बाई ठरवली, पडदे धुतले, केझायाला मांडीवर घेऊन तिची वेणी घातली. थोड्या दिवसांचे महिने झाले, महिन्यांची वर्षं.

गावाला तिचं फार कौतुक. चर्चमधून बाहेर पडताना बायका तिचा हात हातात घेत. "बाई असावी तर अशी," पाद्रीबाबांची बायको म्हणे. "स्वतःसाठी म्हणून काही मागत नाही."

राल्फ बोलायला लागला तो तिला आई म्हणूनच.

"ही आई नाही, मावशी आहे," केझायाने त्याला समजावलं. "आई वर टेकडीवर आहे, दगडाखाली."

"टेकडीवरची तुझी," राल्फ म्हणाला. "ही माझी."

डॉर्कस हसली. मग भांडी घासताना तिचे डोळे भरून आले.

जाबेझ मुळात कमी बोलणारा. संध्याकाळी तो काळ्या भुकटीने माखलेले हात घेऊन यायचा, ती गरम पाणी काढून ठेवायची, तो हात धुवायचा आणि मुलांच्या अभ्यासाचं विचारायचा. एके दिवशी हात धुऊन झाले तरी तो स्वयंपाकघरातच उभा राहिला. ती पावासाठी कणीक मळत होती.

"डॉर्कस, मला हल्ली घरी यायची घाई होते. आणि ती काही नुसती मुलांसाठी नाही."

"मिस्टर हारलंड, असं बोलू नका."

"सहा वर्षं एका छपराखाली राहून अजून मिस्टर हारलंडच का?"

ती मळतच राहिली. बायको मेली तरी तिची बहीण म्हणजे आपली सख्खी बहीण, असं चर्च सांगे, आणि कायदाही तेच म्हणे. असं लग्न केलं तरी ते लग्न नव्हे, आणि त्यातून झालेली मुलं अनौरस.

"लोक डेन्मार्कला जाऊन करून येतात म्हणे," जाबेझ म्हणाला. "परत आल्यावर कोण विचारतंय?"

"तुमची थोरली बहीण विचारेल."

दोघांनाही हसू आलं. मग डॉर्कस गंभीर झाली. "केझाया उद्या मोठी होईल. अशा घरातली मुलगी कोण करून घेईल?"

"आणि तुझं मन?"

"ते विचारू नका, जाबेझ. विचारलंत तर मला इथून जावं लागेल."

त्याने पुन्हा विचारलं नाही. पण ती त्याला जाबेझ म्हणाली होती. ते आता परत घेता येण्यासारखं नव्हतं.

गावाने काही पाहिलं नव्हतं, कारण पाहण्यासारखं काही घडलंच नव्हतं. पण लोकांच्या जिभेला हाड नसतं. हात हातात घेणाऱ्या बायका आता लांबूनच मान हलवू लागल्या. एका दुपारी जाबेझची थोरली बहीण अर्सुला चहाला म्हणून आली आणि टोपीसुद्धा न काढता बसली.

"लोक काय काय बोलतात गं. मला तर ऐकवत नाही."

"ऐकवत नाही, तरी ऐकलेलं बरंच दिसतंय."

"तोंड चालव. तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. तरुण आहेस, हेच वाईट. म्हातारी असतीस तर कुणी चकार शब्द काढला नसता. त्याने दुसरं लग्न करावं, म्हणजे प्रश्न मिटला."

"ते तयार नाहीत."

"कसा होईल? तू आहेस तोवर त्याला सगळं आयतं मिळतंय."

ते शेवटचं वाक्य डॉर्कसच्या मनात काट्यासारखं रुतून बसलं. आठवडाभर तिला धड जेवण गेलं नाही. मग तिने लेटिस कव्हरडेलला चहाला बोलावलं. लेटिस लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. शांत, गालावर देवीचे व्रण, मुलांवर कधी हात न उगारणारी. डॉर्कसने तिला पुन्हा बोलावलं, आणि पुन्हा.

"हे काय चालवलंयस?" जाबेझने एकदा विचारलं.

"मुलांना आई आणतेय."

"त्यांना आहे."

"कायद्याने नाही."

तो खुर्चीत बसला. "तू सांगतेस म्हणून करीन. पण तू सांगितलंस, हे लक्षात ठेव."

लग्न ठरलं. डॉर्कसने लेटिसला घर समजावून दिलं: केझायाला घशाचा त्रास होतो, राल्फला अंधार चालत नाही. एवढं सगळं झालं, पण खरं अवघड काम राहिलंच होतं.

"राल्फ, आता लेटिसबाईंना आई म्हणायचं."

"मग तुला?"

"मावशी."

त्याने विचार केला. "तू काही चूक केलीस का?"

"नाही रे."

"मग मी केली?"

तिने त्याला जवळ ओढलं.

ती निघाली त्या सकाळी राल्फ माडीवरून खाली आलाच नाही. जाबेझने तिची ट्रंक स्वतः उचलून स्टेशनवर नेली. गाडी सुटताना तो एवढंच म्हणाला, "गार वारा आहे, शाल नीट घे."

यॉर्कमध्ये एका श्रीमंत म्हाताऱ्या बाईची सोबतीण म्हणून डॉर्कसने पुढची वर्षं काढली. लेटिस चांगली निघाली, हे तिच्या कानावर येत होतं. त्याचं तिला समाधान होतं आणि त्याचंच दुःखही होतं. राल्फ मोठा झाल्यावर एकदा भेटायला आला. खुर्चीच्या कडेवर बसून त्याने विचारलं, "मावशी, तुम्ही बऱ्या आहात ना?" त्याच्या तोंडून 'तुम्ही' ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने त्याला केक वाढला आणि प्रवास कसा झाला ते विचारलं.

जाबेझ फुप्फुसाच्या दुखण्याने गेला. डॉर्कस दफनाला गेली आणि चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. सगळे पांगल्यावर विधवेच्या काळ्या कपड्यांतली लेटिस तिच्यापाशी आली.

"ते तुमच्याबद्दल कधी बोलले नाहीत," लेटिस म्हणाली. "एवढ्या वर्षांत एकदाही नाही. त्यावरूनच मला कळलं."

डॉर्कसने तिचा हात धरला. "सुखात होता ना तो?"

"मी माझ्याकडून काही कमी केलं नाही."

"ठाऊक आहे. म्हणून तर तुला आणलं."

डॉर्कस पासष्टीची झाली तेव्हा कायदा बदलला. ती भाड्याच्या खोलीत राहत होती. घरमालकीण चहा पिता पिता तिला पेपर वाचून दाखवायची.

"ऐकलंत का? आता मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न करता येणार. एवढीशी गोष्ट, इतकी वर्षं कशाला अडवून धरली म्हणते मी."

डॉर्कस वाटाणे सोलत होती. "पुन्हा वाचा बघू," ती म्हणाली.

घरमालकिणीने पुन्हा वाचलं. डॉर्कसने शेवटपर्यंत ऐकलं, चष्मा काढला आणि तो हातात धरून, वाटाणे तसेच ठेवून, बसून राहिली.