इस्त्रीच्या टेबलावरचा हात

लाँड्रीच्या दारात गर्दी इतकी, की बाईंना आत शिरता येईना. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत. लाँड्री त्यांच्या भावाची. आत इस्त्रीच्या टेबलापाशी कर्णेवाले ब्रदर बाटलीचं बूच काढत होते. जगबुडीचा कर्णा आपल्याला आधीच ऐकू आला, असं ते सांगत. म्हणून हे नाव.

"अंत उंबरठ्याशी आलाय, लेकरांनो. सैतानी श्वापदाने आपल्या माणसांच्या उजव्या हातावर खूण केली आहे. तुम्हाला ती दिसत नाही. या पाण्याला दिसते."

पाणी काचेसारखं स्वच्छ. शिंप्याच्या हातावर पडलं, तसंच राहिलं. लोकांनी देवाचे आभार मानले. सकाळी मात्र खानावळीत भांडी घासणाऱ्या म्हाताऱ्याचा तळवा लाल झाला होता. लोकांचा मार खाऊन तो आता मोडक्या बरगड्या घेऊन इस्पितळात होता.

मग चादरींच्या टबापासून वहिनीला ओढून आणलं. ओल्या तळव्यावर चार थेंब पडले आणि रक्तासारखा डाग पसरला. कुणीतरी तिच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला.

"खूण जाळली तर आत्मा वाचेल," ब्रदर मायेने म्हणाले. "नवऱ्यानेच धरावं. प्रेमाचं काम आहे."

दादाने डोळे मिटून बायकोचा हात दोन्ही हातांनी टेबलावर दाबला. शिंप्याने तापलेली इस्त्री टेकवली. चामडी जळल्याचा वास दारापर्यंत आला. वहिनीची किंकाळी ऐकून पुढचे दचकून मागे सरले, तेवढ्या फटीतून बाई आत घुसल्या.

"दादा, सोड तिला."

"बाई, पवित्र शास्त्राच्या आड येऊ नका," शिंपी म्हणाला.

"शास्त्र मीही वाचते. अंताचा दिवस कुणालाच ठाऊक नाही, असं त्यातच लिहिलंय. यांना बरा कळला."

बाईंनी बाटली हिसकावली. स्पिरिटचा वास ओळखीचा होता. त्यांनी दादाचे हात ओढून ती तळव्यांवर कलती केली. बायकोचं ओलं मनगट धरलेले ते तळवे लालभडक झाले.

"हाही सैतानाचाच," कुणीतरी ओरडलं. दोघांनी दादाची मानगूट धरली. शिंप्याची इस्त्री वळली.

"अरे, थांबा," दादा गयावया करू लागला. "कशाने झालं ते आधी बघा तरी."

बाईंनी उरलेलं पाणी टबात ओतलं. टब लाल झाला, चादरी लाल झाल्या.

"आता चादरींनाही चटके द्या," त्या म्हणाल्या. "हे प्रयोगशाळेतलं औषध आहे. धुण्याचा सोडा लागला की लाल होतं. भांडी घासणाऱ्याच्या हाताला सोडा, हिच्या हाताला सोडा. राबणारे हात तेवढे यांना सैतानाचे दिसले. ब्रदर, टबात हात बुडवा."

ब्रदर दाराकडे सरकले. शिंप्याने त्यांची कॉलर पकडली आणि इस्त्री उगारली.

"खाली ठेव ती," बाई म्हणाल्या. "पोलिसांना बोलाव. सकाळपासून तुम्ही हातच चालवताय. डोकं कधी चालवणार? चमत्कार दिसला की आधी विचारावं, हा झाला कसा. विचारल्याने देव रागावत नाही. रागावतो तो बाटलीवाला."

त्यांनी वहिनीचा हात गार पाण्याखाली धरला. दादा जवळ आला.

वहिनी फाटक्या ओठाने म्हणाली, "तुमच्या हातावर खूण उमटली, तेव्हा विचारलंत कशाने. माझ्या हातावर उमटली, तेव्हा का नाही विचारलं?"