कपाळावरची हळद

लॅबमधल्या काचेच्या बशीतल्या पांढऱ्या गोळीच्या कडेला एक पिवळा ठिपका होता, मोहरीच्या दाण्याहून लहान. वृषालीने भिंगातून पाहिलं. रंग गोळीत मुरलेला नव्हता, वरून लागला होता. तिने त्यावर सोड्याच्या पाण्याचा एक थेंब सोडला. ठिपका लाल झाला.

हळद होती.

आधी तिला बरं वाटलं. बॅच अडकल्याचं वाईट मागाहून वाटलं.

त्या दिवशी संक्रांत होती. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या बायकांनी कँटीनमध्ये हळदीकुंकू केलं होतं. पुढाकार तेजस्विनीचा. लॅबच्या बंद दारातूनही हसणं ऐकू येत होतं. लॅबकडे बोलवायला मात्र कोणी फिरकलं नव्हतं.

डिंगोऱ्याजवळच्या माळावर गोळ्यांचा हा कारखाना उभा राहिला, तेव्हा जुन्नरची वृषाली तिथली पहिली केमिस्ट होती. आसपासच्या गावांतून कामाला आलेल्या बायकांना तिनेच शिकवलं: हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, केस टोपीत कसे कोंबायचे, खाली पडलेली गोळी उचलून पुन्हा पट्ट्यावर का टाकायची नाही. कांदे काढणारे हात तिने मशीनवर आणले. बायका तिला मॅडम म्हणत. ती आली की गप्प होत.

मग पॅकिंगची लाइन बघायला मंचरहून तेजस्विनी आली. शिक्षण डी.फार्म., वय कमी, आवाज मोठा. महिन्याभरात ती ताई झाली. कंपनीच्या टेम्पोत तिच्यासाठी खिडकीची जागा धरलेली असे. कोणाची शेळी व्याली, कोणाची सासू रुसली, तिला सगळं ठाऊक. जेवताना ती प्रत्येकीच्या डब्यात हात घाली. एकदा वृषाली जिन्यावर असताना खालून पॅकिंगमधल्या चिमाबाईचा आवाज आला, "मॅडमपुढं शिंक बी इचारून द्यावी लागती गं." सगळ्या हसल्या. त्यात तेजस्विनीचं हसणं वृषालीने नेमकं ओळखलं.

दिवाळीआधी मॅनेजर औटी साहेबांनी विचारलं होतं, पॅकिंगला इन्चार्ज नेमायचा आहे. लॅब सांभाळून तुम्ही घेता, की तेजस्विनीला देऊ? बायका तुम्ही घडवल्यात, तेव्हा तुम्हीच सांगा. विचार करून सांगते, असं वृषाली म्हणाली, आणि तेव्हापासून तेच म्हणत आली होती. तिला ते पद हवं होतं. पण मी घेते, असं म्हटलं तर बायकांची तोंडं कशी उतरतील, हे ती मनात पाहत असे आणि गप्प राही.

आता बोलायचीही गरज नव्हती. लाल झालेली गोळी साहेबांच्या टेबलावर ठेवली की पुरे.

दार ढकलून तेजस्विनी आत आली. मागे टोपी हातात घेतलेली चिमाबाई.

"हळदच ना?" तेजस्विनीने विचारलं.

"हो. मशीनवर कोणाला दिसली? भिकाला?"

भिका मशीन चालवायचा. तेजस्विनीने नकारार्थी मान हलवली आणि चिमाबाईला पुढे केलं.

चिमाबाईच्या कपाळावर कुंकू आणि हळद होती, टोपीच्या कडेने फिसकटलेली. सणाला सवाशिणीने आपल्या हाताने कुंकू पुसायचं नाही, हे वृषालीला कोणी सांगायला नको होतं. कपाळ पुसून आत या, अशी पाटी तिनेच दारावर लावली होती आणि बायका त्यावरून महिनाभर कुरकुरल्या होत्या. तोडगा तेजस्विनीने काढला होता. पुसू नका, नळाखाली तोंड धुवा; पाण्यानं गेलं ते आपण पुसलं असं होत नाही. बायकांना पटलं होतं. इतकी साधी गोष्ट आपल्याला का सुचली नाही, याचा वृषालीला अजून राग होता.

"लाइट गेल्ती, परत आली तरी टाकीत पानी न्हवतं," चिमाबाई म्हणाली. "मंग टोपी वढली खाली भुवईपत्तर. घाम आला तशी खाजवलं म्या, हातमोज्यानंच. पट्ट्यावर पिवळं दिसलं तवा मीच भिकाला म्हनलं, बंद कर रं. माजंच हाय ते, मॅडम. बाकीच्यांचं कायबी न्हाई."

"मशीन तू थांबवायला लावलंस?"

"मंग काय करू? कुनाच्या तरी लेकराच्या पोटात जायाचं."

वृषालीने भिंग खाली ठेवलं. श्रावणात गोळ्यांच्या पाकिटांमध्ये काचेच्या बांगडीचा तुकडा निघाला होता. तेव्हा तेजस्विनी आली नव्हती, पॅकिंग वृषालीच्या एकटीकडे होतं. तिने सगळ्यांना ओळीत उभं करून मनगटं तपासली, तरी एकीनेही तोंड उघडलं नाही. अख्खी बॅच गेली, आणि बांगडी कोणाची ते आजही कळलेलं नव्हतं.

चिमाबाई तेव्हाही त्या ओळीत होती.

तेजस्विनी म्हणाली, "पाणी नाही म्हटल्यावर मी लाइन सुरूच करायला नको होती. साहेबांना मी सांगते."

वृषालीने काचेची बशी उचलली. ती गोळी घेऊन एकटीच निघाली. तेजस्विनी चुकली होती, हे खरंच होतं. जिना चढताना तिने ते वाक्य मनात दोन वेळा म्हणून पाहिलं. ते बरोबर होतं, आणि गोडही लागत होतं.

औटी साहेबांना बातमी आधीच पोचली होती. ते उखडलेले होते.

"कारखाना आहे का देऊळ? त्या पोरीची हौस आहे ही सगळी. तुमचा रिपोर्ट द्या, उद्यापासून तिला मंचरला घरी बसवतो. पॅकिंग तुम्ही घ्या. आता तरी हो म्हणा."

खिडकीतून खालचं आवार दिसत होतं. बायका तेजस्विनीभोवती उभ्या होत्या. चिमाबाई रडत होती आणि तेजस्विनी तिला काहीतरी सांगून हसवायच्या खटपटीत होती. वृषालीच्या छातीत तीच जुनी कळ उठली. कळ जाईल म्हणून तिने क्षणभर वाट पाहिली. गेली नाही.

"रिपोर्टमध्ये हळद लिहीन," ती म्हणाली. "पाणी नसताना लाइन सुरू केली, तेही लिहीन. आणि कामगार बाईने स्वतः मशीन बंद करून सांगितलं, हेसुद्धा."

"बरं. मग?"

"मला ती पोरगी आवडत नाही, साहेब. पुढेही आवडेल असं वाटत नाही."

तिने गोळी साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"पॅकिंगची इन्चार्ज तेजस्विनीलाच करा."