हिरव्या पिनेची गाठ

मित्रांनो, मी एक जुना, पण वाचणारा स्पीकर आहे. कुठल्याशा कारखान्यात मला एकदा कर्कश वाजवून पाहिलं आणि थर्माकोलमध्ये कोंबलं. त्या बालपणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते कात्रजला, नम्रताच्या घरी.

नम्रताला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचणारी व्यवस्था तिच्या संगणकात होती आणि ते वाचन माझ्या तोंडून व्हायचं. माझे भाऊबंद लग्नाच्या सीड्या वाजवत आणि मी पुस्तकं वाचायचो. थोडी घमेंड होतीच मला.

तेव्हा हिंजवडीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या. त्यातल्या एकीला, वेबसाइट अंध माणसांना वापरता येतात का, हे तपासणारं कुणीतरी हवं होतं. नम्रतानं अर्ज केला. प्रश्न ईमेलनं आले. उत्तरं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. एकच प्रश्न राहिला होता: रोजच्या वापरातली एखादी वस्तू न दिसणाऱ्याला कुठे अडवते आणि त्यावर उपाय काय?

त्या दुपारी तिनं संगणक सुरू केला, तर माझ्या तोंडून चकार शब्द निघेना. मी गप्प म्हणजे तिचा पडदाच बंद!

“आई, स्पीकरचा दिवा लागलाय का?”

“लागला हाय,” मंदाकिनी, तिची आई, म्हणाली. ती यवतमाळकडची, संगणकाला वचकून असायची. “थापड मारून पाहू का? आपला टीव्ही मारल्यावर चालते.”

उत्तराची वाट न पाहता तिनं मारलीच. अपमान गिळायला मी तेव्हा शिकलो.

नम्रतानं माझं बटण शेवटपर्यंत फिरवलं. काही नाही. मग तिनं आईच्या हातात माउस दिला. “खाली उजवीकडे, घड्याळाशेजारी स्पीकरचं छोटं चित्र आहे बघ. त्यावर लाल खूण आहे का?”

“हाव, हाय.”

“म्हणजे आवाज म्यूट झालाय. त्यावर क्लिक कर आणि म्यूटची टिक काढ.”

आईनं जन्मात पहिल्यांदा माउस हलवला. बऱ्याच प्रयत्नांनी टिक निघाली, पण मी मुकाच. नम्रता आईकडे वळली. “आई, काल कुणी याला हात लावला होता?”

“म्या पूजा केली,” आई हळूच म्हणाली. “वायरी काढून सारं पुसलं, पुन्हा लावल्या. तुले नोकरी लागावी म्हणून.”

नम्रता टेबलाखाली शिरली. संगणकाच्या मागे ओळीनं तीन भोकं. बोटांना सगळी सारखीच. “आवाजाची पिन हिरव्या भोकात हवी. कशात आहे?”

“कशी पाहू? सगळ्याइले हळदकुंकू लावलं हाय!”

त्या क्षणी डोळस आईचीही नम्रतासारखीच गत झाली. तिनं पदरानं घासायला सुरुवात केली. निळा रंग निघाला, गुलाबी निघाला, हिरवाही निघाला. पिन बसली होती गुलाबीत, माइकच्या भोकात. ती हिरव्यात गेली मात्र, मी असा ओरडलो की खालच्या गिरणीतला महिपती दळण टाकून वर धावला.

आई रडू लागली. “माह्या पूजेनंच तुही नोकरी जात होती.”

“अगं, तू मला उत्तर दिलंस!” नम्रता म्हणाली आणि लिहायला बसली. आवाजाची भोकं फक्त रंगानं ओळखता येतात, त्यांच्याजवळ बोटांना कळेल असा उंचवटा हवा, असं तिनं लिहिलं. मी ते तिला वाचून दाखवलं आणि तिनं पाठवून दिलं. इतक्या आनंदानं मी आजवर काहीच वाचलेलं नाही.

नोकरी लागली. कंपनीची बस आली, पगारातून हेडफोन आले, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण गेल्या दिवाळीत आईनंच मला खाली उतरवलं. नम्रता आता तिला संगणक शिकवते. पहिल्याच दिवशी आईनं माझ्या हिरव्या पिनेला आणि संगणकाच्या मागे हिरव्या भोकाजवळ असलेल्या हवेच्या जाळीला दोऱ्याची एकेक गाठ बांधली.

मित्रांनो, यंत्रं पुसा, त्यांची पूजाही करा. मला ती आवडते. थापड मात्र मारू नका. आणि वस्तू जागेवर ठेवण्याआधी आई करते तेवढं करा. गाठ बांधून झाल्यावर तिनं दोन्ही डोळे घट्ट मिटले आणि टेबलाखाली चाचपडत पिन लावून पाहिली, नम्रताला सापडेल ना म्हणून.