कलम अठ्ठावीस

सिम्युलेटरच्या पुढच्या तीन वर्षांच्या आराखड्यात अठ्ठावीस कलमं होती. पहिलं, उघडल्याबरोबर पडद्यावर गावातल्या मोठ्या देवळाचं शिखर दिसावं. कीर्तनाने सुचवलेली दुरुस्ती अठ्ठाविसावी होती आणि तिच्यापुढे ‘वेळ उरल्यास’ असं लिहिलेलं होतं.

प्रोसेसरच्या पाइपलाइनमधून सूचना एकामागून एक कशा सरकतात, हे विद्यार्थ्यांना दाखवणारा तो सिम्युलेटर कीर्तनाने कॉलेजात नोकरीला लागल्याच्या वर्षी लिहिला होता. त्यात एक चूक राहिली होती. मेमरीतून आकडा येण्याआधीच पुढच्या सूचनेला तो हवा असला, तर तिला एक सायकल, म्हणजे प्रोसेसरचा एक ठोका, थांबावंच लागतं. सिम्युलेटर तिला थांबवत नव्हता. अकरा सायकलींचं काम तो दहात उरकून दाखवायचा.

चूक कळली ती साईप्रिया या विद्यार्थिनीमुळे. तिने हाताने मोजून अकरा लिहिले आणि तिचे गुण कापले गेले. विभागातली आदर्श उत्तरं चार वर्षं सिम्युलेटरवरूनच उतरवली जात होती.

आता तो आणखी पाच कॉलेजांत जाणार होता. कीर्तनाचं म्हणणं एवढंच होतं, की त्याआधी अठ्ठाविसावं कलम पूर्ण व्हावं. दुरुस्तीच्या चौदा ओळी तिने लिहून, तपासून ठेवल्या होत्या. बैठकीत शिखर सोनेरी असावं की दगडी, यावर चाळीस मिनिटं गेली. शेवटी सोनेरी ठरलं. मग कीर्तनाने विषय काढला.

विभागप्रमुख सीतारामरावांनी कॉफीचा टंबलर खाली ठेवला. विभागाची बैठक तमिळमध्ये चाले, इतिवृत्त इंग्रजीत लिहिलं जाई, आणि इतरांपासून झाकायचं ते सीतारामराव आणि कीर्तना घरच्या मराठीत बोलत.

“आता बोलूं नको गे,” ते म्हणाले. “कबूल केलं तर चार वर्षांचे पेपर पुन्हा तपासायचे. दहा तर दहा. मोजतं कोण?”

“साईप्रियाने मोजले, सर.”

“एकीने.”

समोर वासुकी बसल्या होत्या. सिम्युलेटर आधीपासून वापरणाऱ्या तिरुवैयारुच्या कॉलेजच्या त्या प्रतिनिधी. त्यांच्या सहीशिवाय आराखडा पुढे जाणार नव्हता. नाव तमिळ, बोलणं तमिळ. राजवाड्यामागच्या मराठी घरांच्या गल्लीत त्या वाढल्या होत्या, पण तसं त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं.

“मला सगळं कळलं,” त्या मराठीत म्हणाल्या.

कीर्तनाला वाटलं, झालं आपलं काम, आता दुरुस्ती आधी होणार.

“आमच्याकडची उत्तरंही यावरूनच काढलीत, दोन वर्षं,” वासुकींनी वाक्य पूर्ण केलं. “कलमांचा क्रम आहे तसाच राहू द्या.” आणि त्यांनी सही केली.

कीर्तनाने लॅपटॉप पुढे ओढला. सिम्युलेटर उघडल्यावर दिसणाऱ्या पहिल्या पानावरचं, ‘निर्मिती’पुढचं स्वतःचं नाव पुसलं आणि पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला.

सीतारामरावांनी तो नीट न्याहाळला.

“बरी जागा निघाली,” ते तमिळमध्ये सगळ्यांना म्हणाले. “शिखर थोडं मोठं घेता येईल.”