वर्तुळाची खूण

“हा तुझा पाहुणा किती दिवस राहणार आहे, भाऊ?” डोक्यावर नॅपकिन घेऊन बाबांनी बायकी आवाजात विचारलं.

तिला हसू आवरेना. “बाबा, घड्याळजीची बहीण आहे ती. कैदाशीण नव्हे.”

“तुझ्या आत्याला डोळ्यांसमोर ठेवलंय. मनाचं काही घालत नाही मी.”

रविवारची दुपार होती. ती कॉलेजात नाटक शिकवायची. या वर्षी अभ्यासक्रमात दोन पुरुषांच्या प्रेमाचं नाटक लागलं होतं. एक घड्याळजी, एक सुतार; सत्तावीस वर्षं एका खोलीत संसार केलेले. शेजारपाजार सुताराला पाहुणा समजतो आणि तिसऱ्या अंकात बहीण तोंडावरच विचारते, हा जाणार कधी? वर्गाने सहा महिने त्या नाटकाचा कीस पाडला होता. येत्या शनिवारी कॉलेजच्या सभागृहात त्याचा प्रयोग होता. घड्याळजी व्हायला वर्गातलं कोणी धजेना, तेव्हा ते काम तिनेच घेतलं.

बाबा प्रॉम्प्टर होते. दिवसा टपालखान्यात पत्रं निवडायची आणि संध्याकाळी हौशी मंडळींच्या नाटकाला विंगेत बसून विसरलेली वाक्यं पुरवायची, यात त्यांची चौतीस वर्षं गेली. रंगमंचावर त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. त्यांना त्याचाच अभिमान. “प्रॉम्प्टर प्रेक्षकाला ऐकू आला, की तो कामातून गेला,” म्हणायचे.

बहिणीच्या प्रश्नावर घड्याळजीचं उत्तर होतं. ती तिथे थांबली. हा चौथा रविवार. चारही वेळा ती तिथेच अडली होती.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं, पेन्सिलीने पानावर काहीतरी गिरवलं आणि गप्प बसले.

“द्या ना ओळ.”

“विसरलीस?”

“नाही.”

“मग घे वेळ. मला कुठे गाडी गाठायचीय?”

तिने ओळ म्हटली, पण स्वतःच्या गळपट्टीशी बोलल्यासारखी.

“शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्याला ऐकू जायला हवं,” बाबा एवढंच म्हणाले.

तेवढ्यात दार वाजलं. अकरा वर्षं जिच्याबरोबर ती समोरच्या इमारतीत राहत होती, ती जनावरांची डॉक्टर आली होती. मनगटावर मांजराचा ताजा ओरखडा. लोक म्हणायचे, दोघी मैत्रिणी आहेत, एकमेकींना सोबत होते. बाबांनी कधी विचारलं नव्हतं आणि तिने कधी सांगितलं नव्हतं.

“या, डॉक्टरीणबाई! जरा माझा गुडघा बघा.”

“बैलाचा असता तर बघितला असता, बाबा.”

“मग बघाच. जन्मभर दुसऱ्यांची पत्रंच वाहिली मी.”

तिघांनी चहा घेतला. निघताना बाबा डॉक्टरला म्हणाले, “शनिवारी विंगेत माझ्या शेजारी बसा. तिथून नट खरा दिसतो.”

सोमवारी सकाळी त्यांनी शर्टाची तीन बटणं लावली. चौथं लावायच्या आतच ते गेले.

प्रयोग महिनाभर पुढे गेला. सोडूनच द्या म्हणून प्राचार्यांनी सुचवलं, तिने ऐकलं नाही. प्रॉम्प्टिंगला कोण, हा प्रश्न आला तेव्हा डॉक्टर म्हणाली, “मी बसते. जागा त्यांनीच दाखवून ठेवलीय.”

पडदा उघडायला दहा मिनिटं होती. विंगेतल्या खुर्चीत बसून डॉक्टर बाबांची प्रत चाळत होती.

“या फुल्या कसल्या गं?”

“फुली असेल तिथे नट हमखास विसरतो. लगेच ओळ द्यायची.”

“आणि हे वर्तुळ?”

“वर्तुळ म्हणजे तो विसरलेला नाही. ओळ ओठांवर आहे, त्याला वेळ हवाय. तिथे आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही.”

“अख्ख्या नाटकात एकच आहे. हे बघ.”

तिने वाकून पाहिलं. तिसऱ्या अंकात, घड्याळजीच्या त्या ओळीआधी. वर्तुळ एक नव्हतं, चार होती. एकावर एक गिरवलेली. कागद फाटायचा तेवढा राहिला होता.

चार रविवार.

बाबांना ठाऊक होतं तर. ओळ त्यांनी दिली नव्हती, कारण ती द्यायची नव्हतीच. ती तिची होती. आणि ते वाट बघत बसले होते, अकरा वर्षं, चष्म्यावरून.

“रडू नकोस,” डॉक्टर हळूच म्हणाली, “काजळ पसरेल. घड्याळजी काजळ लावतो, हेच लोकांना पटवायचं अवघड जाणार आहे.”

हसतच ती रंगमंचावर गेली.

तिसऱ्या अंकात बहिणीचं काम करणाऱ्या विद्यार्थिनीने विचारलं, “हा तुझा पाहुणा किती दिवस राहणार आहे, भाऊ?”

ती थांबली. घाबरलेल्या विद्यार्थिनीने विंगेकडे पाहिलं. विंगेत डॉक्टर पुस्तक छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून बसली होती.

“हा पाहुणा नव्हे,” ती म्हणाली. “हा माझ्या घरचा आहे.”

शेवटच्या रांगेतून टाळी आली आणि मग सगळीकडूनच आली. पडदा पडला तरी थांबेना.

लोक उठू लागले तशी आत्या पदराने डोळे टिपत, एकेक पायरी चढत वर आली. “दादाचं नाव काढलंस गं पोरी! त्याची खुर्ची बघायला म्हणून आले होते, पण तू तर कमाल केलीस.” मग विंगेतल्या डॉक्टरकडे वळून म्हणाली, “आणि तुझं खरंच कौतुक हो. परकी असून एवढं केलंस. आता या बयेलाही चार शब्द सांग. अशी एकटी किती दिवस राहणार ही?”

डॉक्टरने सवयीने मान खाली घातली आणि खुर्चीवरून उठली. रिकाम्या खुर्चीत बाबांची पेन्सिल तेवढी राहिली.

ती त्या पेन्सिलीकडे पाहत होती. या वेळी तिला वेळ लागला नाही. तिने डॉक्टरचा हात हातात घेतला आणि आवाज असा लावला, की शेवटच्या रांगेत खुर्च्या आवरणारा शिपाई हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला.

“आत्या, मी एकटी नाही. माझं हिच्यावर प्रेम आहे, अकरा वर्षं. बाबांना ते कळलं होतं, सांगायचं मात्र माझ्याकडून राहिलं. आता सांगते. बाबा, ही माझ्या घरची आहे.”